ओठांनी म्हणायची अक्षरं

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला आम्ही तिघं गेलो, कारण अम्मींना घरी थांबवणं कोणालाच जमलं नाही. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर दारव्ह्याला. नवऱ्याचं बसस्टँडजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्या दिवशी त्यानं ते बंद ठेवलं, दोनदा साबण लावून हात धुतले, तरी नखांत काळं राहिलंच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. दुपारच्या बसनं यवतमाळहून परत येऊ आणि उरलेल्या चाचण्यांचे पेपर रात्री तपासू, असा माझा हिशेब होता.

सोनोग्राफीचे डॉक्टर गप्पिष्ट होते. डोकं, हात, पाय, सगळं दाखवत होते. मग एका जागी त्यांचा हात थांबला. तिथंच पुन्हा पुन्हा फिरू लागला आणि त्यांचं बोलणं बंद झालं. मुलं गप्प झाली की काहीतरी घडलंय हे शिक्षकाला मान वर न करताही कळतं. मला तसंच कळलं.

"बाळाचा वरचा ओठ एका बाजूनं दुभंगलेला दिसतोय," ते म्हणाले. "बाकी सगळं चांगलं आहे."

नवऱ्यानं विचारलं, "मशीनमध्ये काही फॉल्ट असू शकतो का साहेब?"

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी त्याला स्क्रीनजवळ बोलावलं आणि सगळं पुन्हा एकदा सावकाश दाखवलं. तो वाकून बघत राहिला. गाडीचं इंजिन उघडल्यावर बघतो तसाच. मग म्हणाला, "हां. आहे."

लहान मुलांची ऑपरेशनं करणाऱ्या एक डॉक्टर बाई दोन गल्ल्या पलीकडेच बसत. त्यांना फोन करून सोनोग्राफीवाल्यांनी आम्हाला लगेच तिकडे पाठवलं. चालत गेलो. वाटभर अम्मींनी माझा हात दंडाजवळ इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथं वळ दिसला.

डॉक्टर बाईंनी आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला ओढून घेतली. रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय कळलंय, तुमच्या शब्दांत."

दिवसभर तीस मुलांपुढे बडबड करणारी मी. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं कसंबसं सांगितलं. त्याचं वाक्य संपायच्या आत अम्मी पुढे झाल्या. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण मनातलं बोलायचं असलं की अम्मी वऱ्हाडीवर येतात.

"डाक्टरीन बाई, मले एक सांगा. ग्रहणात म्या हिले हलू देल्लं नाई. सरळ निजवून ठेवली, तीन घंटे. हातात सुई नाई, सुरी नाई. पोट्टी पाणी मांगत होती, तेबी नाई देल्लं. मंग काहून झालं हे?"

"म्हणजे तुमच्याकडून काहीच राहिलं नाही?"

"काहीच नाई राह्यलं!"

"मग आजी, ग्रहणानं हे होत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "कशानं झालं ते मात्र मला सांगता येणार नाही. बऱ्याचदा कोणालाच सांगता येत नाही. पण तुमची चूक नाही, सुनेची नाही, मुलाचीही नाही."

अम्मी विचारात पडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी तुले उगाच तहानलेली ठेवली वो मी."

नवरा हसला. त्या दिवसात पहिल्यांदा. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच मघापासून अडलेलं रडूही बाहेर पडलं. डॉक्टर बाईंनी मला रडू दिलं. मध्येच काही समजावलं नाही. चहा मागवला.

मग त्यांनी कागदावर पेन्सिलीनं बाळाचा चेहरा काढला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चेहऱ्याच्या दोन बाजू पुढे सरकत येतात आणि नाकाखाली जुळतात. कधी एका बाजूला जुळायचं राहून जातं. ओठ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शिवता येतो. टाळूही उघडी असू शकते, ते सोनोग्राफीत नक्की दिसत नाही, जन्मल्यावर कळेल. असली तर तिचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास. दूध पाजायला सुरुवातीला त्रास होईल, पण ते शिकवता येतं. आणखी एकदा बाळाचं हृदय नीट बघून घ्यायचं. जे ठाऊक आहे ते "ठाऊक आहे" म्हणून सांगितलं, जे नाही ते "नाही" म्हणून. मी त्यांचं बोलणं वहीत उतरवून घेत होते.

मी विचारलं, "लोक काय करतात?"

त्यांना माझा प्रश्न कळला. "काही जण घाबरून नको म्हणतात. ते ठरवणं तुमचं. माझं काम सांगायचं. असं मूल जेवतं, शाळेत जातं, मारामाऱ्या करतं, बाईंची बोलणी खातं."

"बाईंची बोलणी तर घरीच मिळतील," नवरा म्हणाला.

त्यांच्याकडे एक अल्बम होता, पालकांच्या परवानगीनं ठेवलेल्या फोटोंचा. ऑपरेशनच्या आधीचे डावीकडे, नंतरचे उजवीकडे. मी घाईघाईनं उजवीकडचे बघत होते. त्यांनी बोटानं पान थांबवलं. "डावीकडचे बघा ताई. बाळ पहिल्यांदा हातात येईल तेव्हा हाच चेहरा असणार. तो ओळखीचा झालेला बरा."

त्या रात्री नणंदेचा फोन आला. अजून वेळ हातात आहे, नीट विचार करा, असं काहीतरी ती सांगू लागली. अम्मींनी माझ्या हातून फोन घेतला. "विचार झाला," म्हणाल्या, आणि तिच्या घरच्या म्हशीची चौकशी सुरू केली.

पुढचे चार महिने मी शाळेत मुलांचे ओठ बघत होते. प, फ, ब, भ, म शिकवताना मी मुलांना ओठांवर बोट ठेवायला लावते. म्हणून बघा, ओठ मिटल्याशिवाय 'प' निघतो का? मुलं प्रयत्न करतात, हसून लोळतात. त्या वर्षी तो धडा घेताना माझा आवाज दोनदा अडकला. मुलांना वाटलं, बाईंना पाणी हवंय. एकीनं स्वतःची बाटली आणून दिली.

मुलगी झाली. नर्सनं ती आधी अम्मींच्या हातात दिली, कारण अम्मी दारातच उभ्या होत्या. अम्मींनी दुपटं बाजूला केलं आणि ओरडल्या, "अगे माय! हे तं हासतच आली!"

खरंच, एका बाजूनं उघडा असलेला तो ओठ नाकाकडे वर गेलेला होता आणि चेहरा हसल्यासारखा दिसत होता. मी तिला घेतलं. अल्बममधल्या डावीकडच्या फोटोंमुळे की काय, ती मला ओळखीची वाटली. भीती वाटली नाही. भूक लागली होती तिला, एवढंच दिसलं.

टाळूही उघडी होती. तिला ओढून दूध पिता येईना. हॉस्पिटलच्या नर्सनं शिकवलं: दूध काढायचं, बाळाला बसतं धरायचं, चमच्यानं गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायचा. एका वेळेला पाऊण तास लागायचा. दोन दिवसांत अम्मी माझ्यापेक्षा तरबेज झाल्या. त्या चमचा धरायच्या आणि स्वतःचंच तोंड उघडायच्या.

ऑपरेशनला पाच किलो वजन हवं होतं. दर सोमवारी आम्ही दवाखान्यात जाऊन वजन करायचो आणि नवरा ते गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. तीन दोनशे. तीन साडेचारशे. गिऱ्हाइकं विचारायची, "हा कोणत्या गाडीचा नंबर?" तो सांगायचा, "पोरीचं वजन." हळूहळू सगळं बसस्टँड त्यात सामील झालं. दारव्हा-यवतमाळ लाइनीचे जीपवाले हात काढून विचारायचे, "किती झालं बे?" एका आठवड्यात तिला सर्दी झाली आणि आकडा होता तिथंच राहिला. त्या दिवशी चहावाल्यानं नवऱ्याचा पैसा घेतला नाही म्हणे. पाच किलो पन्नास ग्रॅम झालं तेव्हा तिला चार महिने पुरे व्हायचे होते. नवऱ्यानं भिंतीवर ते एवढं मोठं लिहिलं की रस्त्यापलीकडून वाचता यावं. जिलबी वाटली. ज्यांची गाडी त्या दिवशी दुरुस्त झाली नाही त्यांनीही खाल्ली.

ऑपरेशनच्या सकाळी तिला आत नेलं आणि आम्ही बाहेर बसलो. अम्मींच्या हातात तसबीहची माळ होती. नवऱ्याला बसवेना. तो उठला, फिरला, आणि वॉर्डातल्या एका स्ट्रेचरचं चाक कुरकुरतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं वॉर्डबॉयकडून तेल मागितलं. एक चाक झालं, मग दुसरं. डॉक्टर बाई बाहेर आल्या तेव्हा माझा नवरा फरशीवर उताणा पडून तिसऱ्या स्ट्रेचरखाली होता.

"झालं," त्या म्हणाल्या. "छान झालं. तुम्ही बाहेर या आधी."

त्यांनी आम्हाला आत नेलं. पलंगावर एक सुंदर बाळ झोपलं होतं. नाकाखाली बारीक टाके, ओठ सुजलेला पण पूर्ण. कोपर वाकून हात टाक्यांकडे जाऊ नये म्हणून दोन्ही हातांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधलेल्या. मी बघत राहिले. आणि मला एकदम रडू कोसळलं, कारण ते बाळ माझं नव्हतं. माझी मुलगी नाकापर्यंत हसायची. ती कुठं गेली?

मला लाज वाटली. एवढं सगळं चांगलं झालं आणि मी रडतेय. नवऱ्याकडे पाहिलं तर तो खिशातून फोन काढून जुना फोटो बघत होता.

"चांगलंच झालं," तो हळूच म्हणाला. "पण ते हासणं..."

डॉक्टर बाईंनी आमच्याकडे बघितलं आणि ओळखलं. "बऱ्याच आईबापांचं असं होतं. आपल्यालाच वेड लागलंय असं वाटून कोणी बोलत नाही. थोडे दिवस द्या. नवा चेहराही तुमचाच आहे."

चौथ्या दिवशी अम्मींनी चमचा पुढे केला आणि ती हसली. आधी एक कोपरा हलला, मग दुसरा. टाके ओढले जाऊन दुखलं असावं, कारण लगेच कपाळाला आठी पडली. तरी पुन्हा हसली. आम्ही तिघं तिच्यावर असे वाकलो की नर्सनं उजेड अडवू नका म्हणून सांगितलं.

टाळूचं ऑपरेशन अकराव्या महिन्यात झालं. तेही बरं पार पडलं. पुढे बोलण्याची वेळ आली आणि एक मजा झाली. तिचा वारा अजून नाकातून निघायचा. 'प' म्हणायला गेली की 'म' व्हायचा. त्यामुळे ती तिच्या पप्पांना 'मम्मा' म्हणे, कधी घाईत 'मामा'. गॅरेजमध्ये ती "मामा! मामा!" करत गेली की गिऱ्हाइकं डोळे मोठे करून नवऱ्याकडे बघायची. चहावाला तर मुद्दाम विचारायचा, "काहो मामा, भाची आली का?"

यवतमाळला बोलणं शिकवणारी एक मुलगी होती. तिनं खेळ दिले. टेबलावर कापसाचा पुंजका ठेवायचा आणि फुंकर मारून पलीकडे ढकलायचा. नाकाखाली आरसा धरायचा. वाफ आली तर वारा नाकातून निसटला. कापसाची आमच्याकडे काय कमी? हंगामात गाड्या जातात तेव्हा रस्त्याच्या बाभळींना पुंजके अडकून राहतात. अम्मी आणि ती सकाळी जाऊन ओंजळभर आणायच्या. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर आजी आणि नात पालथ्या पडून शर्यत लावायच्या. अम्मींचे पुढचे दोन दात नाहीत. त्यामुळे त्या नेहमी हरायच्या आणि ते खरं हरणं होतं.

मी पहिलीच्या बाई. शेकडो मुलांना अक्षरं शिकवली होती, पण एक 'प' यायला किती वारा, किती जोर आणि किती धीर लागतो हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. शाळेतल्या तोतऱ्या मुलांशी मी त्या वर्षापासून वेगळी वागू लागले. घाई करणं सोडलं.

तिसरं वर्ष संपत आलं होतं. रविवारी दुपारी मी तिला घेऊन गॅरेजमध्ये डबा द्यायला गेले. एक शेतकरी आपली जुनी गाडी किक मारमारून चालू करत होता. ती एकदाची चालू झाली, फट् फट् करत धूर सुटला, आणि माझ्या कडेवरून स्पष्ट आवाज आला:

"फटफटी!"

नवऱ्याच्या हातून पाना पडला. "काय म्हटलं?"

"फटफटी."

"आणखी एकदा?"

तिनं दहा वेळा म्हटलं. त्यानं गाडी बंद करायला लावली, पुन्हा चालू करायला लावली. शेतकऱ्याला काही कळेना, पण तोही हसत किक मारत राहिला. नंतर नवरा डबा उघडून बसला आणि मला म्हणाला, "फटफटी येते अन् पप्पा नाही?" त्यासाठी आणखी नऊ दिवस गेले. ते आलं तेव्हा तो घरी नव्हता. मी फोन लावून तिच्या तोंडाशी धरला.

ती चार वर्षांची झाली तेव्हा डॉक्टर बाईंचा मला फोन आला. दारव्ह्याकडच्याच एका तांड्यावरचं बंजारा जोडपं त्यांच्याकडे आलं होतं. पाचवा महिना, सोनोग्राफीत तसंच दिसलेलं. होणाऱ्या आईनं चार दिवस धड खाल्लं नव्हतं. "तुम्ही याल का?" त्यांनी विचारलं. "शिकवू नका. नुसत्या बसा."

आम्ही चौघं गेलो. मी मात्र शिक्षिका. आदल्या दिवशी कागदावर मुद्दे काढलेच.

डॉक्टर बाईंच्या खोलीत ते तिघं बसले होते. विशी-बाविशीतली सून, पदराचं टोक दातांत धरून. शेजारी तिचा नवरा, आणि पलीकडे त्याची आई, कोपरापर्यंत बांगड्या, पाठ ताठ. आपसात ते त्यांच्या गोर बोलीत कुजबुजत, आमच्याशी वऱ्हाडीत. मी कागद उघडला आणि बोलले. सगळं बरोबर बोलले. कोणी मान वर केली नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "हिनं ग्रहणात कैरी कापली. म्या सांगतलं होतं." सुनेची मान आणखी खाली गेली.

तेवढ्यात माझी मुलगी खुर्चीवरून उतरली, त्या सुनेसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या बाळाचा ओठ फाटला का? माझा पण फाटला होता. पाहा." आणि दोन बोटांनी ओठ वर करून दाखवला.

म्हातारीनं हात पुढे केला, मुलीची हनुवटी धरली, तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. अंगठा त्या बारीक रेघेवरून फिरवला. एकदा, दोनदा.

"बोलता येते का हिले?" तिनं विचारलं.

"बोलता येते?" अम्मी उसळल्या. "हिले गप कसं कराचं ते सांगा!"

मुलीला तेवढं आमंत्रण पुरलं. तिनं बाराखडी म्हटली, एक कविता म्हटली, पप्पांच्या गॅरेजमधली गाड्यांची नावं सांगितली, आमच्या शेजारणीची नक्कल केली. म्हातारीच्या तोंडावर आधी नवल आलं, मग हसू. अम्मी आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवून बसल्या आणि त्यांच्या त्या तीन घंट्यांची कथा सांगू लागल्या: सुई नाही, सुरी नाही, पाणी नाही, आणि तरी ही अशी जन्मली. "मंग कैरीनं काय होते?" म्हातारी बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी सुनेच्या पाठीवर हात ठेवून त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मला शब्द कळले नाहीत. सुनेनं मात्र पदर दातांतून सोडला.

मग ती पहिल्यांदा बोलली. मला विचारलं, "दूध कसं पाजलं तुम्ही?"

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न बाळ घरी आणणाऱ्या आईचा होता. मी कागद पर्समध्ये टाकला आणि चमचा कसा धरायचा ते दाखवायला टेबलावरचा चहाचा चमचा घेतला.

त्यांना मुलगा झाला. टाळू चांगली होती, नुसता ओठच. दुसऱ्याच दिवशी तो आईच्या अंगावर प्यायला लागला. त्याच्या ऑपरेशनला तांड्यावरून एक अख्खी जीप भरून माणसं आली, आणि वॉचमननं दोघांनाच आत सोडलं. बाकीची कडुलिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसली. बाळ बरं आहे असा निरोप बाहेर आला तेव्हा बायकांनी तिथंच गाणं धरलं. वॉचमन त्यांना गप करायला गेला आणि हातात भाकरी घेऊन परतला.

महिन्याभरानं त्यांनी आम्हाला तांड्यावर जेवायला बोलावलं. तूर दाण्यावर आली होती. खारवून उकडलेल्या शेंगांचं भलंमोठं पातेलं अंगणात ठेवलेलं. माझी मुलगी त्या बाळाला मांडीवर घेऊन बसली. त्यानं तिची वेणी मुठीत पकडली, ती "सोड रे पोट्ट्या!" म्हणून ओरडली आणि सगळा तांडा हसला. नवऱ्यापुढे तोवर दुरुस्तीसाठी दोन मोटारसायकली आणून उभ्या केल्या होत्या. बाळाची आई मला आत घेऊन गेली. तिनं घरातली शिवणाची मशीन दाखवली, बाळाला स्वतः शिवलेलं झबलं दाखवलं, आणि एवढं भराभर बोलत होती की दवाखान्यात पदर चावणारी ती हीच, हे मला आठवून बघावं लागलं.

दिवस कलायला लागला. दारव्ह्याची शेवटची जीप तांड्याच्या तोंडाशी येऊन थांबली होती. मी चपला घातल्या, नवऱ्यानं हात धुतले, मुलगी शेंगांची पिशवी घेऊन तयार झाली. अम्मी आणि ती म्हातारी मात्र एका बाजेवर समोरासमोर बसल्या होत्या, बाळ अम्मींच्या खांद्यावर, आणि बाळाचं नाक कोणावर गेलंय यावर त्यांचा वाद चालला होता. जीपवाल्यानं हॉर्न दिला. अम्मींनी त्याच्याकडे न बघता एक हात वर केला, थांब म्हणून, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.